आत्याचा सामना

माझी आत्या ज्याच्याशी भांडली नाही असा माणूस शहाडपासून बदलापूर गावापर्यंत दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. भांडण हा तिचा स्वभाव नव्हे, पेशा होता. जयंतीच्या दिवसांत कव्वालीचे सामने होत. एका पार्टीने गाण्यातून टोमणा हाणायचा, दुसरीने जागच्या जागी यमक जुळवून तो परत करायचा. पोस्टरवर आत्याचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत असे. मग ढोलकीवर बसणारे तिचे यजमान गेले, पार्टी मोडली आणि आत्या आनंदनगरच्या एका कारखान्यात डबे भरू लागली.

गाणं सुटलं, पण उत्तर द्यायची खोड काही सुटली नाही. उल्हासनगरचा सिंधी कापडवाला "बहनजी, फिक्स रेट है" म्हणाला, तर ही भर दुकानात सुरू, "रेट तेरा फिक्स है सेठ, तो पेट क्यूं बढता जाय? नाप में जो तू काटता है, वो घर बैठ के खाय!" सेठ स्वतःच टाळ्या वाजवायचा. दही, चिंच, लोणचं तिने इतक्या वर्षांत तोंडाला लावलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "आत्या, आता कुठं गायचंय तुला?" तर म्हणाली, "गप रे. गळा काय तुझ्या बापाचाय?" माझा बाप म्हणजे तिचा सख्खा भाऊ, तो शेजारीच चहा पीत बसला होता.

नव्वदीच्या सुरुवातीला अंबरनाथच्या एका मंडळाने तिला पुन्हा बोलावलं. समोर कल्याणकडची एक तरुण, गाजणारी गायिका होती. आत्या महिनाभर माणसात नव्हती. गॅसपाशी उभी राहून त्या पोरीला यमकांनी झोडपायची, आणि तव्यावरच्या भाकऱ्या करपायच्या. "येऊ दे समोर. पार्टीसकट घरी पाठवते तिला."

दिवेलागणीला ती स्टेजवर चढली तेव्हा जुन्या बायका रडल्या. मीही रडलो. पहिल्या ओळी झकास गेल्या. मग चढ्या सुरात टोमणा मारायचा होता, तिथे आवाज फाटला. तिने सूर पुन्हा धरला, तो पुन्हा फाटला. शेवटी तिने ती ओळ नुसती बोलून टाकली. पण टोमणा अस्सल होता, समोरच्याला झोंबावा असाच. आता काय उत्तर येतं म्हणून सगळं मैदान कान टवकारून बसलं.

पोरगी उठली आणि सरळ आत्याच्या पाया पडली. माइकवर म्हणाली, "ह्या आपल्या आई आहेत. आईला मी काय उत्तर देणार?" टाळ्या थांबेनात. मंडळाने शाल घातली, नारळ दिला. पोरीचं मन खरंच निर्मळ होतं, तिचा मला आजही राग येत नाही. पण त्या टाळ्यांमध्ये आत्या इतकी एकटी उभी होती की माझ्याने बघवेना.

रिक्षात तिने शालीची घडी घालून ती नारळासकट माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं रे. उत्तर आलं असतं, तर मी गायली असं तरी झालं असतं."

त्यानंतर ती काही वर्षं जगली, पण कुणाशी भांडली नाही. येणारा-जाणारा कौतुकाने म्हणे, म्हातारी किती शांत झाली! मी मुद्दाम तिला खिजवायचो, वाट्टेल ते बोलायचो. ती नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवायची.