टॉवेलाखालची तपासणी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या दाजींइतका सावकाश डॉक्टर दुसरा नाही, आणि असलाच तर तो बहुधा दाजींच्याच दवाखान्यात नंबर लावून बसलेला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बेल्ह्यात त्यांचा दवाखाना आहे आणि तिथलं बाकीचं सगळं मी बघते: नंबर, औषधांचा साठा, फोन, पाण्याचा माठ आणि दाजी. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. सकाळी मी ठरवते, की दुपारच्या जेवणाआधी बाहेरचा बाक रिकामा झाला पाहिजे. जेवणाची वेळ होते तेव्हा दाजी एखाद्या खोकणाऱ्या आजोबांना विचारत असतात, की थोरली सून माहेराहून परत आली का. सुनेचा खोकल्याशी काय संबंध, असं मी सुरुवातीला विचारायची. संबंध निघतो, हे बऱ्याचदा पाहिल्यावर विचारायचं सोडलं. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ मात्र मी लावून ठेवलं आहे. त्याला सेल घालण्यापलीकडे त्याचा काही उपयोग झालेला नाही.

पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजातून फॅमिली मेडिसिन शिकणारे तरुण डॉक्टर काही महिन्यांसाठी दाजींकडे येतात. त्यांच्या अभ्यासक्रमात वर्तनशास्त्र नावाचा विषय आहे. आजारी माणूस असा का वागतो, गोळ्या वेळेवर का घेत नाही, डॉक्टरला खरं का सांगत नाही, हे त्यात शिकायचं असतं. कॉलेजाने हे काम दिलं तेव्हा दाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी पेंटरला बोलावून पाटीवर डिग्रीच्या खाली ‘वर्तनशास्त्र’ असं ठळक रंगवून घेतलं. पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ आपल्या जावयाला दंडाला धरून घेऊन आले. म्हणाले, “डाक्टर, ह्यांचं वर्तन लई बिघडलंय. तेवढं बघा.” दाजींनी जावयाला चहा दिला आणि सासऱ्यांना तासभर तपासलं. बीपी सासऱ्यांचं निघालं.

पुण्याहून आलेल्या डॉक्टरला दाजी पहिल्या दिवशी आत घेतच नाहीत. बाहेर पेशंटांच्या बाकावर बसवतात, नंबर देतात आणि सगळ्यांत शेवटी बोलावतात. मोबाईल माझ्याकडे जमा. एक उंचापुरा मुलगा दुपारपर्यंत संतापून लाल झाला होता. आत गेल्यावर दाजींनी त्याला विचारलं, “सकाळी मला काय सांगायचं ठरवलं होतंस?” तो म्हणाला, “आता काही आठवत नाही सर.” “झालं तर,” दाजी म्हणाले, “उद्यापासून पेशंट अर्धवट बोलला की चिडू नकोस.” दवाखान्यातलं टेबल त्यांनी कधीच काढून टाकलं आहे. मधे टेबल असलं की माणूस तलाठ्यापुढे आल्यासारखा बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझे औषधांचे डबे खिडकीत आले. त्यांचा दुसरा सिद्धांत असा, की खरं दुखणं माणूस निघताना, चप्पल घालता घालता सांगतो. म्हणून दारातल्या चपलांजवळ त्यांनी एक स्टूल ठेवलं आहे, आणि पेशंट उठला की हे त्याच्या आधी तिथे जाऊन बसतात. नवीन माणसाला वाटतं, डॉक्टर आपल्या चपलांवर लक्ष ठेवून आहेत.

आठवड्यातून एकदा ते या मुलांना घोडेगावला नेतात आणि तिथून एसटीने वरच्या डोंगरातल्या गावांना. गाडी असून एसटी, कारण एसटीत माणसं बोलतात. एकदा वरच्या गावातल्या एका आजींच्या कागदावर आमच्या शिकाऊ डॉक्टरने लिहिलं, की ही बाई बीपीची गोळी सांगूनही घेत नाही. दाजींनी ते खोडायला लावलं आणि आजींना विचारलं, “गोळी कोणत्या दिवशी घेता?” आजी म्हणाल्या, “घरी आसले की घेती. भात लावाया गेल्यावं न्हाई घेत. त्या गोळीनं सारखं जावं लागतंय बाबा. खाचरात उभ्या बाया, बांधावं गडी. बाईमानसानं जायचं कुठं?” दाजींनी गोळी बदलली. परतीच्या एसटीत तो मुलगा घोडेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

आता टॉवेलाचं सांगते, कारण दाजींची खरी ख्याती त्यावर आहे. बेल्ह्याला सोमवारी जनावरांचा बाजार भरतो. बैलाचा भाव व्यापारी तोंडाने बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती गर्दी असते, पण कोणाला पत्ता लागत नाही. दाजींनी हे दवाखान्यात आणलं. पेशंटाबरोबर नेहमी बायको, भाऊ, शेजारी असे चारचौघे आत येतात. त्यांच्यासमोर बिड्या किती, दारू किती, हे कोण खरं सांगणार? तेव्हा दाजी खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकतात आणि मोठ्याने एवढंच विचारतात, “दिवसाला?” उत्तर बोटांत येतं. बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहते, आणि नवरा देवळात बसल्यासारखा समोर. या युक्तीचा दाजींना इतका अभिमान, की कॉलेजात जाऊन त्यांनी ती प्राध्यापकांनाही करून दाखवली होती.

बोरी बुद्रुकचे बबनभाऊ हे बैलांचे व्यापारी. त्यांच्याशी तर दाजी टॉवेलाशिवाय बोलतच नसत. बबनभाऊंना बरीच वर्षं साखर आहे आणि इन्सुलिन चालू आहे. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. नारायणगावच्या सर्जनने सांगितलं, की साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेल याची खात्री नाही. बाजारात दिवसभर पायावर उभा राहणारा माणूस. दाजी दर खेपेला टॉवेल टाकून विचारत, आठवड्यातले किती दिवस इंजेक्शन घेता? बबनभाऊ बोटांनी सात सांगत. दाजी हात सोडत आणि डोस वाढवत. साखर जागची हलत नव्हती. दाजींना जेवण जाईना, आणि माझ्या बहिणीला त्यांच्यासाठी वेगळा वरण-भात करावा लागायचा.

त्या सोमवारी बबनभाऊ लंगडत आले, सोबत त्यांची कारभारीण, सुमनवहिनी. तेव्हा आमच्याकडे अनघा नावाची सांगलीकडची शिकाऊ डॉक्टर होती. दाजींनी तिला सांगितलं, आज तू बोल. ती बोलत असताना दाजी कोपऱ्यात बसतात आणि हाताची घडी घालतात, कारण शिकवणाऱ्याने मधे बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. डोस आणखी वाढवायचं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

अनघाने हात पुढे केला, टॉवेल टाकला आणि विचारलं, “बबनभाऊ, आठवड्यातले किती दिवस?”

बबनभाऊंनी बोटं दाबली आणि निवांत बसले. अनघाने हात सोडला नाही. बबनभाऊ तिच्याकडे बघू लागले. मग टॉवेल थोडा हलला. अनघाने तरीही हात सोडला नाही. बबनभाऊंच्या कपाळावर घाम आला. टॉवेल पुन्हा हलला, पुन्हा हलला, आणि शेवटी बबनभाऊ काकुळतीला येऊन मोठ्याने म्हणाले, “आता याच्या खाली न्हाई, ताई. दोन म्हंजे दोन.”

“दोन काय?” सुमनवहिनी म्हणाल्या.

कोपऱ्यात दाजींच्या हाताची घडी सुटली.

“दोनच दिवस घेता?” अनघाने विचारलं. हात अजून तिच्याच हातात होता.

“बाजार नसतो त्या दिवशी घेतो. पाच दिवस पाच गावचं बाजार आसत्यात. बाजाराच्या दिवशी पोटात काय नसतं. येकदा टोचून गेलो, तर चाकणच्या बाजारात हातपाय कापाया लागलं, घाम फुटला, खालीच बसलो. समदे म्हनले, बबन्या आज पिऊन आलाय. गळ्यात माळ हाय माझ्या. पिलेल्या मानसाकडनं बैल कोन घेईल?”

“आन् मला सांगाया काय झालं व्हतं? मी घरी माठापाशी इंजेक्शनाचं डबडं जपत बसली व्हती,” सुमनवहिनी म्हणाल्या. “लोकांनी पिलेला म्हनलं, तर मी आले नसते का सांगाया? माझं कुनी ऐकलं नसतं व्हय?”

“तुला कशाला बाजारात वढायची.”

“आता बी वढीतच आनलीय ना, सोता लंगडत.”

दाजींना राहवलं नाही. नियम मोडून ते म्हणाले, “बबनराव, मग मला इतके दिवस सात का सांगत होता?”

बबनभाऊंना खरंच नवल वाटलं. “डाक्टर, पयला आकडा कुनी खरा सांगतं का? समोरच्यानं हात धरून ठिवायचा आसतो. तुमी लगीच सोडायचा. मला वाटायचं, सौदा तुमाला पटला.”

अनघा पार गोंधळून गेली. “सर, हात कधी सोडतात ते मला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली.

“मला माहीत होतं,” दाजी म्हणाले. “लहानपणापासून माहीत होतं.”

ते उठून माठापाशी गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. त्यांनी डोस वाढवला असता, आणि एखाद्या दिवशी सर्जनकडे भरती केल्यावर तो सगळाच्या सगळा दिला गेला असता, तर साखर एकदम उतरून बबनभाऊंच्या जिवावर बेतलं असतं, हे मला त्यांनी संध्याकाळी सांगितलं. त्यानंतर मी घड्याळाकडे बोट दाखवून त्यांना कधी घाई केली नाही.

पुढचं काम सरळ होतं. दाजींनी आणि अनघाने इंजेक्शनाचा प्रकार आणि वेळ बदलली, डोस खाली आणला आणि खाण्याच्या वेळा बसवल्या. बाजारात गिऱ्हाइकांसमोर खायला बबनभाऊ तयार नव्हते. सुमनवहिनींनी तो प्रश्न स्वतःच मिटवला. बाजाराच्या दिवशी त्या भाकरी बांधून टेम्पोत येऊन बसू लागल्या, आणि वेळ झाली की फळीवरून हाक मारायच्या, “चला, बैल पळून न्हाई जात.” दोन-तीन व्यापारी आपापली फडकी सोडून त्या पंगतीत येऊन बसले. त्यातल्या एकाची साखर नंतर आमच्याकडेच सापडली. बबनभाऊंची जखम हळूहळू खालून भरत आली. अंगठ्याचं नख गेलं, अंगठा राहिला. सर्जनने सांगितलं, आता काढायचं काही कारण नाही. ते ऐकल्यावर दाजींनी घरी पुन्हा तिखट आमटी मागितली.

आता नवीन मुलं आली की दाजी त्यांना पहिल्यांदा स्वतःची ही चूक सांगतात, अगदी तपशीलवार, आणि बबनभाऊंची नक्कल करून. मुलं हसतात. दाजीही हसतात.

अनघा जायच्या आधीच्या सोमवारी आम्ही तिघं बाजारात गेलो. बबनभाऊंना तिला दात बघून बैलाचं वय ओळखायला शिकवायचं होतं. ते पुढे, ती मागे, असे दोघं जनावरांच्या रांगांमधून झपाझप निघाले. बबनभाऊ मधेच कोणाला टोमणा मारत, कोणाच्या बैलाच्या पाठीवर थाप देत, आणि पाय धुळीत सरळ पडत होता. दाजी थोडं अंतर चालले. मग त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला. एका टेम्पोची फळी खाली सोडलेली होती, तिच्यावर ते बसले.

“त्यांना हाक मारू का?” मी विचारलं.

“कशाला? चालतोय तो. चालू दे.”

दवाखान्याचा बाक भरला असणार, हे मला माहीत होतं. दाजी गर्दीत बबनभाऊंचं मुंडासं शोधत होते. ते दिसायचं, दोन बैलांच्या मागे जायचं, पुन्हा दिसायचं. मग दिसेनासं झालं, तरी दाजी तिकडेच बघत राहिले.

“मेव्हणीबाई,” ते म्हणाले, “बसा जरा.”

मी फळीवरची धूळ झटकली आणि त्यांच्या शेजारी बसले.