कोर्टाच्या गेटवरचा माइक

माझ्या अशील सुनंदाताई दोषी ठरल्या आणि न्यायाधीश जेवायला उठले. शिक्षेवरची सुनावणी जेवणानंतर. गुन्हा शाबीत झाला की शिक्षा ठरवण्याआधी कोर्ट आरोपीचं म्हणणं ऐकतं. वकिलाला काही वाचवायचं असेल तर एवढीच फट उरते. नेमका तेव्हाच खेड कोर्टाच्या गेटबाहेर माइक सुरू झाला.

सुनंदाताई चाकणजवळच्या एका गावातल्या, पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर. प्रेस मशीनवर एका बाईची बोटं गेली, तेव्हापासून त्या तक्रारी करत होत्या. शेवटी तपासणीला आलेले सरकारी अधिकारी ऑफिसात चहा पिऊन, मशीन न बघताच निघाले. ताई त्यांच्या गाडीपुढे बसल्या त्या हलेचनात. सरकारी कामात अडथळा. आपण बसलो होतो हे त्यांनी कोर्टात स्वतःच सांगितलं, मग मी काय डोंबल बचाव करणार?

माझी विनंती साधी होती. पहिलाच गुन्हा, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तेव्हा तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडा. वर्षभर नीट वागेन असं लिहून द्यायचं, मोडलं तर शिक्षा.

बाहेर नागरी हक्कवाल्या संघटना जमल्या होत्या. माणसं तळमळीची, त्यात शंका नाही. शिक्षेआधीच सुटका करा, ही मागणीही माझ्या फायद्याचीच. पण भाषण काय, तर सुनंदाताई झुकणार नाहीत, उद्या पुन्हा गाड्या अडवतील. मी धावत जाऊन त्यांच्या म्होरक्या प्राध्यापकांपुढे हात जोडले.

"सर, माइक बंद करा. त्या पुन्हा असं करणार नाहीत, हेच तर मी आत सांगतोय."

"वकीलसाहेब, तुम्ही कायदा सांभाळा. आम्ही जनमत सांभाळतो."

माझं डोकंच फिरलं. तिकडे सरकारी वकील खिडकीपाशी डबा खात होते. जेवणानंतर त्यांनी ते भाषण जसंच्या तसं कोर्टाला ऐकवलं. न्यायाधीशांनी थेट ताईंनाच विचारलं, सोडलं तर पुन्हा गाडी अडवणार का? "नाही" एवढंच म्हणा, असं मी त्यांना दहादा पढवलं होतं.

"भाईर बोलत्यात ते मी न्हाई बोलले, साहेब," ताई म्हणाल्या. "ते अधिकारी उतरून मशीन बघाया आले असते, तर मी कशाला बसले असते? पन वर्षभर न्हाई बसनार. शब्द देते."

मी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी ताईंचं उत्तर लिहून घेतलं. मग त्यांनी बाँडवर सोडलं.

गेटवर हार, घोषणा. हा जनमताचा विजय आहे, असं प्राध्यापक सांगत होते. वकिलाचं नाव कुणी घेतलं नाही, ते असो. पण त्यांनी माइक ताईंच्या हातात दिला. तो काढून घ्यायला मी गर्दीत घुसलो.

"वर्षभर गाडी अडवनार न्हाई, असं मी लिहून दिलंय," ताई म्हणाल्या. "मशीन अजून तशीच हाय. आता तुमच्यातलं कोन बसतंय?"

त्यांनी माइक पुढे केला. कुणीच घेतला नाही. प्राध्यापक बॅनरची घडी घालायला लागले.

तेव्हापासून मी अशिलांना पढवणं सोडलंय. पढवायचंच असेल तर आधी त्यांच्या पाठीराख्यांना गाठतो.