मापाड्याचे शून्य

तो नेमकं काय काम करतो, हे त्याच्या आईला चार वर्षांत कळलं नव्हतं. "दवाखान्यात लिहायला आहे," एवढं ती शेजारणींना सांगे. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर बुधवारी दुपारी सात रुग्ण गोल बसून मनातलं बोलत. डॉक्टरीणबाई बहुतेक वेळ गप्पच, कारण त्या उपचारात डॉक्टरनं तोंड कमी उघडायचं असतं. हा पठ्ठ्या कोपऱ्यात. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला चाळीस प्रश्नांचा कागद द्यायचा, शून्य ते चार असे आकडे भरून घ्यायचे आणि कोण किती सुधारलं ते मांडायचं. झोप मोडते, किती? घरच्यांचा राग येतो, किती? रुग्णांनी त्याचं नाव ठेवलं होतं मापाडी.

गटात एक बसचा ड्रायव्हर होता. पहिल्या वर्षी त्याचा कागद शून्यांनी भरलेला. "मला काय धाड भरलीय? बायकोनं पाठवलं म्हणून आलो." मग एका बुधवारी तो बसखाली आलेल्या म्हातारीबद्दल बोलला आणि तासभर रडला. तेव्हापासून त्याच्या कागदावर तीन आणि चार. बाकीच्यांचंही तसंच झालं. मापाड्याला यात नवल वाटलं नाही. बधिर पायात जीव येताना आधी मुंग्याच येतात. पण दवाखान्याचे मोठे साहेब फक्त बेरीज वाचत. ते म्हणाले, "आजार वाढवायला खोली कशाला द्यायची? पुढच्या वेळी आकडे उतरले नाहीत तर बंद करा."

पुढची वेळ आली, डॉक्टरीणबाई उठून गेल्या आणि मापाड्यानं माती खाल्ली. कागद वाटताना तो हळूच म्हणाला, "साहेब खोली काढून घेणारेत. जरा जपून भरा."

त्यांनी इतकं जपून भरलं की सात कागदांवर शून्याखेरीज काही उरलं नाही. गटातल्या निवृत्त शिक्षिका होत्या, त्या बाईंनी तर शाळेतल्यासारखी खाली रेघ मारून दिली. जाताना ड्रायव्हरनं मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात ठेवलं. "घ्या बाई, निदान वेळेवर तरी याल." सगळे हसले. मापाडीही हसला.

बेरीज करताना तो एकोणिसाव्या प्रश्नावर अडला. जीव नकोसा होतो, किती? मागच्या वेळी ड्रायव्हरनं तीन लिहिलं होतं. तीन दिसले की त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगायचं, असा नियम होता. तेव्हा सांगितलंही होतं. आज शून्य. शून्याबद्दल कुणी विचारत नाही. आणि घड्याळ देऊन टाकलेलं.

तो जिन्यावरून धडपडत उतरला. ड्रायव्हर फाटकापाशी उभा होता.

"दादा, एकोणिसावा खरा सांगा."

"दिलाय की शून्य. घाला तुमच्या तक्त्यात."

"दादा."

"खरं लिहिलं तर खोली जाईल. बाईंना घरी कोण आहे बोलायला? सहा जणांची जागा राहते, मी काय..." ड्रायव्हर थांबला. "जाऊ द्या ना, साहेब."

आजवर मापाड्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यानं ड्रायव्हरचा दंड धरला तो डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत सोडला नाही. तिथं त्याला सगळंच ओकावं लागलं. कागद खोटे आहेत आणि ते मीच खोटे करवले.

ड्रायव्हरला भरती करून घेतलं. सातही कागद बाद झाले, म्हणजे साहेबांपुढे जुनीच बेरीज राहिली. आठवड्यात खोलीला कुलूप लागलं. बाई बुधवारी येऊन दाराशी उभ्या राहिल्या, कडी हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "बरं, मग कुठं जायचं आम्ही?"

मग तो वॉर्डात गेला. ड्रायव्हरनं त्याला पाहून भिंतीकडे कूस बदलली.

"बंद केली ना?"

"हो."

"मला सोडायचं होतंत."

मापाडी स्टूल ओढून बसला. भेटीची वेळ संपल्याचं नर्स दोनदा सांगून गेली. मापाडी उठला नाही.