ब्लँकेटांची खोली

"साहेब, तिले तुम्हीच सांगा. काल दुपारपासून घोटभर पाणी नाही घेतलं तिनं."

देवरावकाका पाण्याची बाटली घेऊन माझ्यासमोर उभे होते. नाल्याचं पाणी वस्तीत शिरलं होतं आणि जवळच्या एका शाळेत आम्ही रिलीफ कॅम्प लावला होता. म्हणजे घर पाण्यात गेलेल्यांची तात्पुरती राहण्याची सोय. मी सरकारी ऑफिसातला ज्युनिअर इंजिनिअर. कॅम्पचा इन्चार्ज मीच होतो.

निर्मलाकाकू ही त्यांची बायको. सत्तरी ओलांडलेली, लहानपणीच्या पोलिओनं दोन्ही पाय अधू. शहरातल्या लकडगंज भागातल्या बायांचे ब्लाउज शिवून त्यांनी घर चालवलेलं. शेजाऱ्यांनी त्यांना पाठीवर बसवून आणलं, चाकांची खुर्ची पाण्यातच राहिली. मी ऑफिसला सांगून दुसरी मागवली, दाराजवळची जागा दिली, गादी दिली. मनात म्हटलं, आपण चांगलं काम करतोय.

आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, "भाऊ, संडास कुठं आहे?"

मी मैदानापलीकडची रांग दाखवली. पायऱ्या उतरून जायचं, उकिडवं बसायचं. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"आजचा दिवस ॲडजस्ट करा काकू," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

आता मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. आवाज जरा चढाच होता. "काकू, हट्ट काहून करून राहिल्या? आजारी पडाल."

"तहान नाही मले."

"खोटं नको बोलू वं," काका म्हणाले. "ओठ पाह्य तुह्ये, कसे सुकले."

"तुम्ही गप राहा हो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पाणी पिणं सोपं आहे भाऊ. मंग मले तिथवर नेईन कोण? काल दोघींनी उचलून नेलं, तर एकीची कंबर धरली. अन् तिथं बसवल्यावर कोणीतरी मले धरून आत उभं राहावं लागते. या वयात."

आजूबाजूचे लोक दुसरीकडे बघू लागले. मीही नजर वळवली, ती व्हरांड्याच्या टोकाच्या बंद दारावर गेली.

ते दिव्यांगांचं टॉयलेट होतं. रुंद दार, उंबरठा नाही, उंच कमोड, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे. दांड्यांना आम्ही ग्रॅब बार म्हणतो. शाळांमधून बहुधा या खोलीचं स्टोअर होऊन बसतं. इथंही कबड्डीच्या मॅट कोंबलेल्या होत्या. कॅम्प लावताना मी काय केलं, तर मॅट आणखी आत सरकवल्या आणि वाटायची ब्लँकेटं भरली. धड कुलूप लागेल अशी तेवढी एकच खोली होती. किल्ली माझ्या खिशात. इमारतींचे नकाशे वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि दारावर चाकांच्या खुर्चीचं चित्रसुद्धा होतं.

ऑफिसातल्या माझ्या साहेबांना फोन लावला, ती खोली खाली करतो म्हणून सांगितलं.

"खाली करतो म्हणजे? माल कुठे ठेवणार?"

"व्हरांड्यात, सर."

"अरे यार, ब्लँकेटं गेली तर जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"एका बाईसाठी एवढं? डायपर मागव ना त्यांना."

मी फोन ठेवला आणि खिशातून किल्ली काढली. खोटं कशाला सांगू, आदल्या दिवशी मलाही तेच सुचलं असतं.

कॅम्पमधल्या बायांनी रांग करून ब्लँकेटं आणि मॅट हातोहात बाहेर काढल्या. कमोड धुतला. काकू खुर्चीवरून आत आल्या, दांडा हलवून पाहिला.

"हे इथंच होतं?"

"हो."

"कुलूप कोणाचं?"

"माझं."

त्यांनी मला बाहेर जायची खूण केली आणि कडी लावून घेतली. बाहेर आल्यावर काकांना म्हणाल्या, "आणा ती बाटली."

पण उशीर झालाच होता. संध्याकाळी ताप चढला. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नेलं. लघवीचं इन्फेक्शन निघालं, सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी का नाही प्यायल्या?"

काकूंच्या आधी मीच उत्तर दिलं. "वय झालंय. ऐकत नाहीत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांना मी असं सांगितलं, हे आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. पुढे मीटिंगमध्ये साहेबांनी त्या टॉयलेटचा फोटो दाखवला. "दिव्यांगांसाठी स्वतंत्र सुविधा" म्हणाले, माझं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून त्या घेतल्या.

आता कॅम्प लागला की सामानाचा ट्रक रिकामा करण्याआधी मी टॉयलेटचं एकेक दार उघडून बघतो. पाणी मिळालं का, एवढंच विचारून थांबत नाही. प्यायल्यावर जाल कुठे, कसे जाल, हेही विचारतो. लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. मागे एका आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "डॉक्टर हाय का गा तू?"

"नाही," मी म्हणालो. "इंजिनिअर."