लाइन लागतेय, उचलत नाहीत

माझ्या मावशीचं पहिलं वाक्य ठरलेलं: "होल्ड करा हं." भाजीवाल्याला होल्ड, डॉक्टरांना होल्ड, एकदा तर येऊ घातलेल्या शिंकेलाही. म्हणून घरात तिचं नाव होल्डमावशी. तो शेवटचा 'हं' मी दाराबाहेरून तिच्यासारखा नाकातून लांबवला की आईसुद्धा फसते, बहीण आली म्हणून दार उघडते.

बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडत होती. तिथे चार वाक्यं होती. लाइन लागत नाही. लाइन बिझी आहे. लागतेय, पण उचलत नाहीत. असा नंबर नाही. "चौथं फार जपून म्हणायचं," मावशी सांगते, "ते ऐकून माणसं वहीतलं नाव खोडतात." मग एक्स्चेंजमध्ये यंत्र आलं आणि ते चौथं वाक्य तिलाच ऐकावं लागलं. शेहेचाळिसाव्या वर्षी, वर्गातल्या पोरांची आई शोभेल अशा वयात, ती कॉम्प्युटर दुरुस्ती शिकली. आता जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान आहे.

परवा बूटवाले काका आपला कॉम्प्युटर तान्ह्या बाळासारखा कवटाळून आले. ज्यांचा एक पाय आखूड किंवा वाकडा, त्यांचे बूट ते करतात.

"मावशी, तीनशे माणसांचे पाय आहेत हो यात!"

"होल्ड करा हं. दुसरीकडे कॉपी?"

"करणार होतो." (हे वाक्य त्या दुकानात इतकं ऐकू येतं की मी ते सात आवाजांत करू शकते.)

आठ दिवसांपूर्वी मशीन सुरूच होईना. शेजाऱ्याने सल्ला दिला: सिस्टिम नव्याने टाका, डिस्क दिसली की 'सगळं पुसा' दाबा, मग 'पुढे'. काकांनी नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला, तर डिस्कची यादीच रिकामी. 'एकही ड्राइव्ह सापडला नाही.' चौकातल्या दुकानदाराने पेनचं टोपण चावत लांबूनच निकाल दिला, "गेलीऽऽ! संपली! नवीन घ्या!"

"एका शाळकरी मुलीचा पाय दर वर्षी कसा वाढला ते सगळं यात आहे," काका म्हणाले. "त्यावरून पुढचा बूट ठरतो. यंदाचा पाय मोजेन हो. गेल्या वर्षीचा कुठून आणू?"

मावशीने मशीन सुरू करून डब्याला कान लावला. "फिरतेय." मग सेटिंग्जचं पान उघडलं. तिथे डिस्कचं नाव ठळठळीत होतं.

"बघा. लागतेय, उचलत नाहीत. तुम्हाला चौथं वाक्य कुणी सांगितलं?"

काकांना कुठली वाक्यं माहीत असायला! पण मावशी कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत होती. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

"अगं बाई! या मशीनला वाटतंय, आपण आजच कारखान्यातून आलो."

आतला नाण्याएवढा सेल संपला होता. त्यामुळे मशीन स्वतःच्या सेटिंग्ज विसरलं. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं, तेही. म्हणून जुनी सिस्टिम उठेना आणि नवीला डिस्क दिसेना. मावशीने सेल बदलला, तारीख लावली, ती एक सेटिंग पूर्ववत केली आणि पेनड्राइव्ह उपटून काकांच्या हातात दिला.

"अहो, पण नवी सिस्टिम?"

"होल्ड करा हं."

मिनिटभराने पडद्यावर काकांचा जुना फोटो आला: बुटांचा जोड, एकाचा तळवा चार बोटं जाड.

काका हसत सुटले. "मेलीने आठ दिवस छळलं! पहिल्याच दिवशी सापडली असती तर?"

"तर काय दाबलं असतंत?"

"सांगितलं होतं तेच. सगळं पुसा, मग..." काका थांबले. "पुसा म्हणजे जुनी सिस्टिम पुसा ना?"

"सगळं म्हणजे सगळं. तीनशे माणसांच्या पायांसकट," मावशी म्हणाली. काका स्टुलावर टेकले. चौकातल्या दुकानदाराची नक्कल माझ्या जिभेवर तयार होती, ती मी गिळली.

मावशीने रिकामी डिस्क जोडली. "आता कॉपी. होईपर्यंत उठायचं नाही."

काकांनी त्या मुलीचे पाय उघडले, पहिल्या वर्षापासून, एकेक.

"करतो होल्ड," ते म्हणाले.