नेट नागपुरातच लागणार!

लाकडाच्या टालीवर भुसा कोणी मागवत नाही. करवत चालली की तो आपोआप साचतो. संध्याकाळी झाडून घ्या, सकाळी पुन्हा ढीग! किश्शांचंही तसंच. माझ्या टालीवर सकाळच्या चहाला चार टाळकी जमत, आणि ज्या वर्षी आम्ही नागपुरात आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल आणायचं मनावर घेतलं, त्या वर्षी तर हा भुसा गुडघ्यापर्यंत आला होता. त्यातला हा टोपलीभर.

* * *

खूळ काढलं गजभिये सरांनी. सर शाळेत पीटीचे मास्तर. केस पांढरे होईपर्यंत त्यांनी इंदोऱ्याच्या मैदानावर पोरांना व्हॉलीबॉल शिकवला. नेट फाटलं तर स्वतः विणायचे. त्या वर्षी ते रिटायर होणार होते.

एक दिवस पेपर घेऊनच आले. हिवाळ्यात भारतात बऱ्याच देशांची स्पर्धा होणार होती. कोणत्या शहरात, ते ठरायचं होतं. मोठमोठ्या शहरांची नावं छापली होती. आपलं नव्हतं.

सर म्हणाले, "नानाजी, आजवर दुसऱ्याच्या गावाले जाऊन पाहिलं. मले एकदा आपल्या गावात पाहाचं आहे. रिटायर होण्याच्या आत. एकदा, बस्स!"

देव वकील म्हणाले, "मग आधी रीतसर समिती स्थापन करू."

काटोलचे बापूराव, संत्र्याचे अडते, ते म्हणाले, "आधी त्या पेपरवाल्याले विचारा, आमचं नाव काहून नाई छापलं गा?"

समिती तिथंच झाली. वकीलसाहेब अध्यक्ष, कारण इंग्रजी त्यांनाच येत होतं. उपाध्यक्ष मी, कारण खुर्च्या माझ्या होत्या!

* * *

त्याच सुमारास मी सागवानाच्या सौद्यासाठी मुंबईला गेलो. तिथल्या दलालाला मोठ्या हौसेनं स्पर्धेचं सांगितलं. तो खो खो हसला.

"नागपूर? अहो, तिकडे संत्री खायला जायचं. खेळायला कोण येतंय? आणि राहायचं ठरवलं तरी थांबणार कुठे?"

त्या दिवसांत टपालाची विमानं रात्री नागपूरला उतरत. चारी दिशांची पोती तिथंच अदलाबदल व्हायची. मी म्हटलं, "शेट, तुमचं कलकत्त्याचं पत्र रोज रात्री आमच्याकडे मुक्कामाला येतं. त्यानं आजवर तक्रार केलेली नाही!"

सौदा मोडला. पण गाडीत मला झोप फार छान लागली.

* * *

वकीलसाहेबांनी दिल्लीला, स्पर्धा भरवणाऱ्या साहेबांना, अर्ज लिहिला. त्यात नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे इतक्या तऱ्हांनी लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं, बाकीचा देश नागपूरभोवती नंतर बांधला!

दिल्लीहून उलट विचारणा आली: नागपूर सगळ्यांनाच लांब पडतं, त्याचं काय?

बापूराव म्हणाले, "लिहा, सगळ्याइले सारखंच लांब पडते. म्हणजे भांडण नाई!"

वकीलसाहेबांनी तेच लिहिलं. फक्त इंग्रजीत ते फार विद्वान वाटलं.

* * *

मग प्रश्न आला राहण्याचा. एवढ्या खेळाडूंना पुरेल असं हॉटेल शहरात नव्हतं. आम्ही ठरवलं, पाहुणे घरोघरी उतरवायचे. लग्नात वऱ्हाड उतरवतो, तसे.

सर म्हणाले, "नानाजी, हे लोक ताडमाड असतात. आपल्या पलंगावर पाय बाहेर येतील."

लाकूड माझं, सुतार माझे. म्हटलं, पलंग मी देतो. पण लांबी किती ठेवायची? माप घ्यायला तेवढा उंच माणूस पाहिजे. शोधता शोधता चौकातला ट्रॅफिक हवालदार सापडला. अख्ख्या सीताबर्डीत त्याच्याएवढा उंच कोणी नव्हता. त्याला विनंती करून टालीवर आणलं, पहिल्या पलंगावर आडवं केलं. सुतारानं डोक्याशी खूण केली, पायाशी खूण केली.

"झालं, उठा."

हवालदार घोरत होता!

चौकात गाड्यांचा गोंधळ उडाला, भोंग्यांचा आवाज टालीपर्यंत आला. त्याला हलवून उठवलं, तर म्हणाला, "लांबी बरोबर हाय. असंच चालू द्या."

माझ्या घरात तो पलंग मावेना. एक टोक स्वयंपाकघरात जायला लागलं. आमच्या मंडळींनी एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "पाहुण्याचं डोस्कं इकडे ठेवजा. पाय माह्या चुलीकडे नाई चालत!"

* * *

दिल्लीचे साहेब पाहणीला आले ते नेमके मे महिन्यात. स्टेशनवर हार घालायच्या आधी बापूरावांनी त्यांच्या कोटाच्या खिशात कांदा सरकवला.

"ये क्या है?"

"रहने दो साहब, लू नहीं लगती."

साहेबांनी दोन बोटांत धरून तो फेकून दिला. भर दुपारी मैदान दाखवलं. सर एकेक कोपरा मायेनं दाखवत होते, इथं पॅव्हेलियन, इथं दिवे. साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. त्यांनी वकीलसाहेबांना हळूच बाजूला घेतलं.

"वो प्याज... और एक मिलेगा?"

कांदा खिशात गेल्यावर साहेबांना हुशारी आली. म्हणाले, "गर्मी बहुत है आपके यहाँ."

सर म्हणाले, "साहब, मॅच तो सर्दी में है. आप गर्मी में आए, इसमें शहर की क्या गलती?"

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "चलो, वो ठीक है. लेकिन इतने छोटे शहर में देखने कौन आएगा?"

सरांचा चेहरा पडला. तेवढ्यात बापूराव पुढं झाले. "साहब, हमारे वाडी नाके पे ट्रक पंचर होता है ना, तो सौ आदमी देखने को खड़ा रहता है. ये तो फिर भी खेल है!"

साहेबांना काही ते पटलं नाही.

* * *

नकार आला. स्पर्धा मद्रासला गेली. कारण दिलं होतं: प्रेक्षक मिळतील याची खात्री नाही.

वकीलसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. सर रंधा मारलेल्या फळीवरून नुसता हात फिरवत बसले होते. आमच्या मंडळी चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "मंग ह्या लंब्या पलंगाइचं काय करता आता?"

सर म्हणाले, "राहू द्या, वहिनी. आपले पोरं वाढतील."

चहा पिऊन ते सरळ मैदानावर गेले. त्या दिवशीही सराव चुकला नाही.

* * *

हिवाळा आला. बापूरावांच्या संत्र्याच्या पेट्या रोज रेल्वेनं जायच्या, त्यामुळे स्टेशनची प्रत्येक खबर त्यांना आधी लागायची. एका सकाळी ते धापा टाकत टालीवर आले.

"सर! दोन देशाच्या टीमा दिल्लीवरून मद्रासले चालल्या. उद्याच्या गाडीनं. आपल्या स्टेशनावरून!"

सरांनी कप खाली ठेवला. "गाडी किती वेळ थांबते?"

"इंजिनाले पाणी भरते, ड्रायव्हर बदलते, माह्या पेट्या चढतात. तेवढा वेळ."

"पेट्या किती चढवता?"

बापूराव हसले. "तुम्ही म्हणान तितक्या!"

प्लॅटफॉर्मवर नेट बांधायला परवानगी लागते का, हे वकीलसाहेबांनी मुद्दामच कायद्यात पाहिलं नाही. दोन खांबांच्या मधे सरांनी स्वतः विणलेलं नेट ताणलं. चुन्यानं रेघा ओढल्या. माझ्या टालीवरचं उंच स्टूल अंपायरसाठी ठेवलं. सर पांढरे स्वच्छ कपडे घालून, गळ्यात शिट्टी अडकवून त्यावर चढून बसले.

गाडी लागली. खेळाडू आंबलेले पाय मोकळे करायला खाली उतरले. नेट पाहून थबकले. सरांनी वरून बॉल टाकला, तो एका ताडमाड गड्यानं झेलला. इतका वेळ बसून बसून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. भाषेची गरजच पडली नाही. तीन गडी इकडे, तीन तिकडे, प्लॅटफॉर्मच तेवढा रुंद! इकडे एक देश, तिकडे एक देश, मधे नागपूरचा अंपायर.

हमालांनी ओझी खाली ठेवली. चहावाले केटली घेऊन उभे राहिले. पुलावर माणूस, पेट्यांवर माणूस, खिडकी-खिडकीत माणूस! बापूराव पेटी डब्यात चढवत होते, तीच पलीकडून उतरवून पुन्हा चढवत होते.

फर्स्ट क्लासच्या दारात तेच दिल्लीचे साहेब आले. "मिस्टर देव! ये क्या है? इतने सारे लोग कौन हैं?"

वकीलसाहेबांनी अदबीनं टोपी काढली. "स्पेक्टेटर्स, सर!"

तेवढ्यात गार्डची शिट्टी झाली. हिरवी झेंडी हलली. खेळाडू थांबले. इंजिनाकडे पाहायच्या ऐवजी स्टुलाकडे पाहायला लागले. स्कोअर बरोबरीत होता.

सरांनी मान वळवली नाही. फक्त एक हात वर केला, वर्गात पोरांना थांबवतात तसा.

गार्ड गर्दी सारत तरातरा आला. आम्ही म्हटलं, आता केस होते! तो स्टुलापाशी उभा राहिला, सरांकडे पाहिलं, नेटकडे पाहिलं. झेंडी गुंडाळून त्यानं काखेत धरली, आणि विचारलं,

"सर, सर्व्हिस कोणाची आहे?"