मांजराच्या नावावर दोन कप

सुनेला अचानक माया फुटली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आमची सून आरोग्यसेविका. घरोघरी फिरते, कुणाला गोळ्या दे, कुणाच्या बाळाचं वजन कर. खांद्याला वजनकाटा, चपला कायम झिजलेल्या, आणि तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला उत्तर द्यायची सोयच नाही. मग ती माणसांना बोलतं करायच्या ट्रेनिंगला गेली आणि परत आली ती मुकी होऊन.

आधी "आई, बरंय ना?" म्हणायची आणि मी "हो" म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात पोचलेली असायची. आता समोर बसते. "आई, कसं वाटतंय?" विचारते आणि नुसती बघत राहते.

"डोकं दुखतंय," मी म्हटलं.

"दुखतंय?"

"मग काय नाचतंय?"

मुलगा हसला. "अगं, तिला तसंच शिकवलंय. समोरच्याचा शब्द परत म्हणायचा आणि थांबायचं, म्हणजे माणूस पुढचं सांगतो. घरी सराव करतेय ती."

सराव म्हणे! ताकाला जाऊन भांडं लपवायचे धंदे मला कळतात. कारण त्याच आठवड्यात नातीची अंघोळ माझ्याकडून गेली. जन्मल्यापासून तिला मीच न्हाऊ घालत होते. आता सून कामावर जायच्या आधी घाईघाईने स्वतःच उरकायला लागली. "तुम्हाला कशाला त्रास," म्हणाली. आज अंघोळ काढून घेतली, उद्या मला थोरल्याकडे धाडतील. सगळं मला स्वच्छ दिसत होतं.

त्यात माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. धरलेली वस्तू कधी सुटली ते कळायचं नाही. दोन कप फुटले, ते मी मांजराच्या नावावर खपवले. हे बाहेर आलं असतं तर पोर माझ्या हातात कुणी दिलं असतं?

म्हटलं, हिचीच विद्या हिच्यावर उलटवू. दुपारी ती भाजी निवडत होती. मी समोर जाऊन बसले. "काय चाललंय तुझ्या मनात?" एवढं विचारलं आणि तोंडाला कुलूप घातलं. ती गप्प, मी गप्प. भाजी निवडून संपली.

शेवटी तिचाच धीर सुटला. "आई, आपल्या खिडक्यांना जाळ्या आहेत. मांजर येणार कुठून?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मग तोंडाने सांगायचं ना, बये!"

"सांगून ऐकता तुम्ही? शुगर तपासायला चला म्हटलं, तर माझ्याशी अबोला धरलात. म्हटलं, आपणहून सांगितलंत तर दवाखान्यातही याल. रोज वाटायचं, आज सांगतील." तिचे डोळे भरले. "घरचं माणूस बोललंच नाही तर किती थांबायचं, ते नाही शिकवलं तिथे."

मला रडूही आलं आणि रागही आला. "बोटं मेलीत माझी. आता पोरीला अंघोळ कोण घालणार?"

"अंघोळ?"

"हो, अंघोळ! परत म्हणू नकोस!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं ठरलं. निघायच्या आधी तिने टब भरला आणि मला हाक मारली. पोरीला तिने दोन्ही हातांनी धरलं, मी डाव्या हाताने पाणी घातलं. पोर खिदळत होती.

"कसं वाटतंय, आई?" सून म्हणाली आणि थांबली.

"भीती वाटतेय," मी खरं ते सांगितलं.

या वेळी तिने माझा शब्द परत म्हटला नाही. "मलाही," म्हणाली.